चालती प्रेते आणि आपण

सणासुदीला प्रेतांची गोष्ट कशाला, असे वाचक म्हणतील. पण अशा गोष्टी असतात त्या जित्यांच्याच. हारो आसो यांनी लिहिलेली व कोतारो ताकाता यांनी चितारलेली ‘झोम १००’ ही जपानी चित्रकथा २०१८ साली सुरू झाली. २०२३ साली तिची ॲनिमे मालिका निघाली. तिचा नायक अकिरा कचेरीच्या कामाने इतका पिचला आहे, की शहरभर चालती प्रेते पाहूनही, ‘आता कामावर जायला नको’ म्हणून तो आनंदाने नाचतो! हसू येते आणि पोटात कालवतेही.

आदित्य सरपोतदारांच्या ‘झोंबिवली’ (२०२२) या मराठी चित्रपटात हेच संकट डोंबिवलीवर येते. येथले दुःख पाण्याचे आहे. एकीकडे उंच इमारती, शेजारी पाण्याला महाग झालेली वस्ती. विनोदाच्या भरात भीती पातळ होते, हा दोष खरा. तरी खारपाणपट्ट्यातल्या आम्हां दर्यापूरकरांना हा विषय अधिक झोंबतो. जपानी कथा एका माणसाची सुटका सांगते, मराठी चित्रपट वस्तीची.

रक्तपात पुष्कळ असल्याने लहानग्यांना दूर ठेवावे. जाणत्या मुलांना मात्र पाहून झाल्यावर विचारावे: ही माणसे मेली कधी, चावा बसल्यावर की त्याआधीच?