शाळेतली शांतता म्हणजे काय?

मंडळी, आज एका न्यायनिर्णयाची चिकित्सा करू. विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघाला, की अमेरिकेतल्या ‘टिंकर’ खटल्याचा दाखला हमखास दिला जातो. आम्हीही तो वर्गात वर्षानुवर्षे कौतुकाने शिकवला. आज त्यातली उणीव सांगावीशी वाटते.

घटना साधी. डिसेंबर १९६५, आयोवा राज्यातलं डी मॉइन शहर. व्हिएतनाम युद्धातल्या मृतांचा दुखवटा आणि युद्धविरामाला पाठिंबा म्हणून काही विद्यार्थी दंडाला काळी फीत बांधून सरकारी शाळेत गेले. त्यात तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर होती. फितीवर आधीच बंदी घातलेली. मुलांना घरी पाठवलं. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांची बाजू घेतली. शाळेत पाऊल टाकताना मूल आपले हक्क बाहेर ठेवून येत नाही, हे निकालाचं सार. निकाल मोठा आहे, यात वाद नाही.

पण मुलं जिंकली कशाच्या जोरावर? शाळेच्या कामात मोठा व्यत्यय आला नाही, येईल असं मानायला आधार नव्हता आणि इतरांच्या हक्कांवर गदा आली नाही, म्हणून. फीत मुकी होती, ते तिच्या पथ्यावर पडलं. कोणी म्हणेल, विचार चांगला की वाईट हे न्यायालयाने ठरवूच नये. मान्य. पण मग व्यत्ययाचा अंदाज बांधणार कोण? शाळाच.

आता २०२३ सालचं मॅसॅच्युसेट्समधल्या मिडलबरो गावचं प्रकरण पाहा. लिंगं दोनच असतात, अशा अर्थाचा शर्ट घालून एक शाळकरी मुलगा आला. शाळेने शर्ट बदलायला सांगितलं. तो बदलेना, घरी गेला. अशा मजकुराने ट्रान्सजेंडर मुलांना त्रास होईल, असं शाळेचं म्हणणं. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ‘टिंकर’चाच आधार घेऊन शाळेला योग्य ठरवलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. दोन न्यायमूर्ती असहमत होते.

शर्टावरचं मत आम्हाला पटत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाला ते किती लागेल, हेही कळतं. तरी एक प्रश्न उरतोच: या दोघांना शाळेने शिकवलं काय? कसोटीत या प्रश्नाला जागाच नाही.

आपल्याकडे काय? केरळमध्ये १९८५ साली तीन मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहिली, पण धर्मश्रद्धेमुळे गायली नाहीत. त्यांना शाळेतून काढलं. १९८६ साली न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालाने ती परत आली. बिजो इमॅन्युएल खटला तो हाच. सहिष्णुता हा आपल्या परंपरेचा आणि संविधानाचा धडा आहे, असं त्यात सांगितलं आहे. हे ‘टिंकर’च्या पुढचं पाऊल. पण गंमत पाहा, दोन्ही गाजलेल्या निकालांत मुलांनी तोंड उघडलेलंच नाही! गप्प मुलाचं रक्षण करणं सोपं. बोलणाऱ्याचं काय?

इथे आम्हीही आरोपी आहोत. नीतिशास्त्राच्या तासाला, ‘न्याय’ हा विषय चालू असताना, एका विद्यार्थिनीने आरक्षणाबद्दल प्रश्न विचारला. मागच्या बाकांवरून कुजबूज, हसू. आम्ही म्हणालो, “हा भाग अभ्यासक्रमात नाही.” वर्ग शांत झाला. ती मुलगी वर्षभर पुन्हा बोलली नाही. ती शांतता तेव्हा आम्हाला आपलं कौशल्य वाटली होती. ‘टिंकर’च्या कसोटीवर आमचा वर्ग उत्तम चालला होता.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. मुलाला थांबवायची वेळ कधीकधी येते. पण थांबवणाऱ्या शाळेला न्यायालयाने आणखी एक प्रश्न विचारावा: हे मत मांडायला आणि त्याला उत्तर द्यायला तुम्ही दुसरी कुठली जागा ठेवली होती? जागा ठेवली नसेल, तर गोंधळाची सबब ऐकून घेऊ नये.

इथे थांबतो. आता तुम्ही बोला.