सॉकेटला आज्ञा, पण रांगेतून : आयओ-युरिंगमधील सॉकेट-कमांडचे परीक्षण

सॉकेट म्हटले की send आणि recv यांचीच आठवण होते, म्हणजे डेटा पाठवणे आणि घेणे. पण सॉकेटशी आपला आणखी एक व्यवहार असतो. बफर किती मोठा हवा, पत्ता लगेच पुन्हा वापरता येईल का, लहान पॅकेट साठवून न ठेवता ताबडतोब पाठवायची का, वाचायचे किती बाइट शिल्लक आहेत, अशा सूचना आणि चौकश्या. सूचनांसाठी १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून सेटसॉकऑप्ट आणि गेटसॉकऑप्ट हे सिस्टिम कॉल आहेत. शिल्लक बाइटांसारखी चौकशी आयओसीटीएलमधून होते. तो कॉल आणखी जुना, १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासूनचा. लिनक्स कर्नेलने अलीकडे हेच काम आयओ-युरिंगच्या रांगेतून करण्याची सोय दिली. ती सोय कशी रचली आहे, आणि ती रचना मला अर्धीच का पटते, हे या टिपणात पाहू.

पार्श्वभूमी थोडक्यात. जेन्स ॲक्सबो यांचे आयओ-युरिंग मे २०१९ मध्ये लिनक्स ५.१ सोबत आले. प्रोग्रॅम आणि कर्नेल यांच्या सामाईक स्मृतीत दोन रांगा असतात. एकीत तुम्ही विनंत्या ठेवता, दुसरीत कर्नेल उत्तरे ठेवतो. विनंतीची नोंद ६४ बाइटांची, उत्तराची १६ बाइटांची. प्रत्येक विनंतीत एक ऑपकोड असतो : वाच, लिही, जोडणी स्वीकार, इत्यादी. २०२२ च्या ५.१९ मध्ये त्यांत युरिंग-कमांड नावाच्या ऑपकोडची भर पडली. सरकारी अर्जात शेवटी ‘इतर’ असा एक रकाना असतो, तसाच हा ऑपकोड. ‘इतर’मध्ये नेमके काय लिहिले आहे ते रांग पाहत नाही. ज्या फाइलसाठी विनंती आहे तिच्याकडे ती मजकूर सोपवते. पहिले गिऱ्हाईक होते एनव्हीएमई डिस्क. सॉकेट आले २०२३ च्या ६.६ मध्ये, तेही फक्त दोन चौकश्यांसाठी : वाचायचे किती शिल्लक, पाठवायचे किती शिल्लक. जानेवारी २०२४ च्या ६.७ मध्ये सेटसॉकऑप्ट आणि गेटसॉकऑप्ट मिळाले.

आता प्रश्न असा : हे हवेच कशाला होते? सेटसॉकऑप्ट हा कॉल एका जोडणीसाठी दोन-तीनदा होतो. तो वाचवून किती वेग वाढणार? वेगाचे कारण सांगणारे लेख तुम्हाला बरेच सापडतील, पण माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. आयओ-युरिंगमध्ये सॉकेट ‘थेट’ उघडता येते, म्हणजे त्याला प्रक्रियेच्या नेहमीच्या तक्त्यातला फाइल डिस्क्रिप्टर मिळतच नाही. ते फक्त रांगेच्या खासगी तक्त्यातल्या एका खणात राहते. हजारो जोडण्या सांभाळणाऱ्या सर्व्हरला हे सोयीचे, कारण सामाईक तक्त्यावरची ओढाताण टळते. पण सेटसॉकऑप्टला पहिलाच आर्ग्युमेंट डिस्क्रिप्टर लागतो! ज्याला क्रमांकच नाही त्याला आज्ञा द्यायची कशी? ६.७ पूर्वी अशा सॉकेटचे पर्याय बदलायला वाटच नव्हती. म्हणून या कमांडचे मोल गतीत नाही, पोहोचण्यात आहे. क्रमांक नसलेल्या सॉकेटपर्यंत ती पोहोचते.

रचनेत मला आवडलेल्या गोष्टी आधी सांगतो. सेटसॉकऑप्टचे पाचही आर्ग्युमेंट ६४ बाइटांच्या त्याच नोंदीत बसवले आहेत. लेव्हल आणि पर्यायाचे नाव हे दोन ३२ बिटांचे आकडे जिथे एरवी ६४ बिटांचा पत्ता असतो त्या जागेत शेजारी-शेजारी ठेवले. दुसरे, जुन्या गेटसॉकऑप्टमधली लांबी ही दुतोंडी गोष्ट होती. तुम्ही पॉइंटर द्यायचा, आत बफरची लांबी लिहायची, आणि परत आल्यावर त्याच जागी खरी लांबी वाचायची. नव्या कमांडमध्ये लांबी साधा आकडा म्हणून आत जाते आणि खरी लांबी उत्तराच्या नोंदीत परत येते. शिल्लक बाइटांची संख्याही तशीच उत्तरात येते. त्यासाठी प्रोटोकॉलांचे आयओसीटीएल हँडलर आधी बदलावे लागले, कारण ते उत्तर सरळ प्रोग्रॅमच्या स्मृतीत लिहीत असत. आता ते कर्नेलच्या स्मृतीत लिहितात. नव्या दारासाठी जुन्या घराची डागडुजी झाली, आणि ती चांगली झाली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जुना कॉल आणि नवी कमांड दोन्ही आत गेल्यावर एकाच फंक्शनवर येतात. त्यामुळे सुरक्षा मॉड्यूलांची तपासणी आणि सीग्रुपला जोडलेले बीपीएफ प्रोग्रॅम या दोन्ही चाळण्या नव्या वाटेवरही लागतात. ही काळजी घेतली नसती तर प्रशासकाने लावलेले नियम मागच्या दाराने सहज चुकवता आले असते.

आता न पटलेली बाजू. सुरुवात नावापासून. या कमांडला असिंक्रोनस म्हणतात, पण काम असिंक्रोनस होत नाही. विनंती रांगेतून उचलली की सेटसॉकऑप्ट तिथल्या तिथे पूर्ण चालते. सॉकेटचे कुलूप दुसऱ्याकडे असेल तर उचलणारा धागा थांबतो. ‘आत्ता जमत नाही, नंतर ये’ असे सांगण्याची सोय ठेवलेली नाही. रांग उपसायला कर्नेलचा स्वतंत्र धागा नेमला असेल, तर त्याच्या मागच्या विनंत्याही तेवढा वेळ ताटकळतात. पत्रपेटी असिंक्रोनस आहे, पोस्टमन नाही. बहुतेक पर्यायांसाठी हा वेळ नगण्य असतो हे मान्य. तरीही परीक्षेत ‘ही कमांड कधीच अडत नाही’ असे लिहू नका.

आणि तरीही बफर किती काळ जिवंत ठेवायचा, हा असिंक्रोनस जगातला त्रास मात्र पूर्णपणे तुमच्या माथी येतो. यात मी स्वतः फसलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो. connect आणि त्यानंतर पाठवण्याच्या बफरचा आकार ठरवणारी सेटसॉकऑप्ट कमांड, अशा दोन विनंत्या साखळीने जोडल्या. आकार एका स्थानिक चलात ठेवला, त्याचा पत्ता नोंदीत दिला, रांग कर्नेलला सोपवली आणि फंक्शनमधून बाहेर पडलो. साखळीतली दुसरी विनंती पहिली पूर्ण झाल्यावरच सुरू होते. जोडणी व्हायला नेटवर्कचा वेळ लागला, तोवर त्या चलाची स्टॅकवरची जागा दुसऱ्याच फंक्शनने वापरली होती. कर्नेलने तिथे जे सापडले ते वाचले. गंमत अशी, की त्रुटी आली नाही. बफरचा आकार अवास्तव असेल तर कर्नेल तो मुकाट्याने मर्यादेत आणतो आणि यश कळवतो. जुन्या सेटसॉकऑप्टमध्ये ही चूक संभवतच नव्हती, कारण कॉल परत येण्याआधीच किंमत वाचलेली असे. किंमत चार बाइटांची असेल तर ती पॉइंटरऐवजी नोंदीतच का सामावू नये? बहुतेक पर्याय एका पूर्णांकाचेच असतात. ही संधी रचनाकारांनी सोडली असे मला वाटते.

दुसरा दोष विषमतेचा. सेटसॉकऑप्ट कमांड सर्व लेव्हलांना चालते, गेटसॉकऑप्ट मात्र ६.७ मध्ये फक्त सॉकेट या सर्वसाधारण लेव्हलपुरती दिली. म्हणजे टीसीपीचा ‘थांबू नकोस’ हा पर्याय तुम्ही लावू शकता, पण तो लागला आहे का ते विचारू शकत नाही. कारण प्रामाणिक आहे : प्रोटोकॉलांचे गेटसॉकऑप्ट हँडलर अजून प्रोग्रॅमच्या स्मृतीचे पॉइंटर मागत होते. आयओसीटीएलसाठी केलेली डागडुजी इथे झाली नव्हती, आणि ती पूर्ण होण्याआधीच दार उघडले.

पण माझा मुख्य आक्षेप ‘इतर’ या रकान्यावर आहे. आयओ-युरिंगमध्ये कोणते ऑपकोड उपलब्ध आहेत हे प्रोग्रॅमला विचारता येते. कोणते वापरू द्यायचे यावर ५.१० पासून निर्बंधही घालता येतात. दोन्ही सोयी ऑपकोडपर्यंतच पाहतात. युरिंग-कमांडच्या आत सेटसॉकऑप्ट आहे की शिल्लक बाइटांची निरुपद्रवी चौकशी, हे त्यांना दिसत नाही. परिणामी या कर्नेलमध्ये सेटसॉकऑप्ट कमांड आहे का, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि ‘चौकशीला परवानगी, बदलाला बंदी’ असा निर्बंध लिहिता येत नाही. सिस्टिम कॉल गाळणाऱ्या सेककॉम्पला तर आयओ-युरिंगच्या आतले काहीच दिसत नाही. सेटसॉकऑप्टवर सेककॉम्पने बंदी घातलेल्या कंटेनरमध्ये आयओ-युरिंग चालू असेल, तर ती बंदी कागदावरच राहते.

ही भीती पुस्तकी नाही. २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले की त्यांच्या कर्नेल-बक्षीस योजनेत आलेल्या हल्ल्यांपैकी ६० टक्क्यांनी आयओ-युरिंगचा आधार घेतला होता, आणि त्यांनी आपल्या सर्व्हरांवर ते बंद केले. त्याच वर्षी ६.६ मध्ये आयओ-युरिंग सरसकट बंद करण्याची कळ कर्नेलमध्येच आली. त्या हल्ल्यांचे खापर सॉकेट-कमांडवर फोडता येणार नाही, ती तर नंतरची. पण ज्या प्रशासकाला आतले वेगळे काढता येत नाही तो सगळेच बंद करतो, हा धडा तेव्हा समोर होता.

रचनाकारांच्या बाजूने एक युक्तिवाद करता येईल : ऑपकोडला नोंदीत एकच बाइट आहे, म्हणजे २५६ जागा, आणि प्रत्येक उपकरणाच्या लहरीसाठी एक जागा देणे परवडणार नाही. डिस्कच्या खास आज्ञांसाठी मी हे लगेच मानेन. पण सेटसॉकऑप्ट ही लहर नाही, ४० वर्षे टिकलेला सर्वमान्य कॉल आहे. शिवाय पुढे ६.११ मध्ये bind आणि listen यांना स्वतंत्र ऑपकोड मिळालेच. त्यामुळे आज थेट सॉकेटवरचा सर्व्हर उभा करताना तुमच्या साखळीत चार विनंत्या असतात : सॉकेट उघडा, पत्ता पुन्हा वापरण्याची सूचना द्या, bind, listen. त्यातल्या तीन आपापल्या नावाने रांगेत उभ्या असतात आणि एक ‘इतर’ म्हणून. निर्बंध लिहिणाऱ्याला नेमकी तीच दिसत नाही.

प्रात्यक्षिकासाठी हीच साखळी लिहा. सॉकेटसाठी खणाचा क्रमांक तुम्हीच ठरवून द्या. कर्नेलला निवडू दिलात तर पुढच्या तीन विनंत्यांत कोणता क्रमांक लिहायचा हे आधी कळणार नाही. मग दुसऱ्या विनंतीत मुद्दाम चुकीची लांबी देऊन पाहा. bind आणि listen रद्द झाल्याची त्रुटी घेऊन परत येतील, सॉकेट मात्र खणात तसेच उघडे राहील. ते बंद करायलाही रांगेतूनच जावे लागते. त्याला क्रमांक नाही.