शाश्वत विकासाचे विद्यापीठीय अध्यापन : व्याख्येकडून वाटपाकडे

प्रस्तावना

पर्यावरण हा विषय पदवीच्या वर्गात आला तो न्यायालयाच्या निर्देशामुळे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी सर्व स्तरांवर पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्यास सांगितले. त्याच्या पूर्ततेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे पदवी स्तरावर सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला. इतकी वर्षे हा विषय शिकवून झाल्यावर एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : आपण विद्यार्थ्याला शाश्वततेचा विचार करावयास शिकवितो, की केवळ शाश्वततेची व्याख्या? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा नाशिक परिसराच्या संदर्भात विचार केला आहे.

प्रचलित विचारपद्धती

विद्यापीठीय अध्यापनात शाश्वततेकडे पाहण्याच्या तीन पद्धती स्थूलमानाने आढळतात. पहिली माहितीप्रधान होय. प्रदूषणाचे प्रकार, परिसंस्थेचे घटक, अधिनियमांची नावे असा तिचा आशय असतो. दुसरी संस्कारप्रधान. 5 जूनचे वृक्षारोपण, शपथ, घोषवाक्य स्पर्धा हे तिचे आविष्कार. तिसरी व्यवस्थापनप्रधान असून महाविद्यालयाचे हरित लेखापरीक्षण, सौर पॅनेल आणि मूल्यांकनासाठीचे अहवाल यांत ती दिसते. या तिन्हींची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. तथापि तिन्हींत एक समान उणीव आहे. शाश्वततेच्या मुळाशी असलेला हितसंबंधांचा संघर्ष त्यांत कोठेही येत नाही. झाड लावल्याने कोणाचे काही जात नाही. पाणी वाटताना मात्र कोणाचे तरी कमी होते.

व्याख्येतील गळलेला भाग

1987 च्या ब्रुन्टलँड आयोगाच्या अहवालातील व्याख्या बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. भावी पिढ्यांच्या क्षमतेला बाध न आणता वर्तमानाच्या गरजा भागविणे, एवढाच तिचा भाग उत्तरपत्रिकेत उतरतो. त्याच अहवालाने या व्याख्येला दोन संकल्पना जोडल्या होत्या : गरिबांच्या मूलभूत गरजांना सर्वोच्च प्राधान्य आणि पर्यावरणाच्या क्षमतेवर पडणाऱ्या मर्यादा. नेमक्या याच दोन संकल्पना अध्यापनात गळून पडतात.

मराठी परिभाषेनेही या विस्मरणास हातभार लावला आहे. 'शाश्वत' या शब्दाला नित्य, अविनाशी असा अर्थ चिकटलेला आहे. त्यामुळे 'शाश्वत विकास' म्हणजे कधीही न थांबणारा विकास, असा बोध विद्यार्थ्याला सहज होतो. मूळ संकल्पनेत मात्र भार पेलण्याची, तगून राहण्याची आणि म्हणूनच मर्यादेची जाणीव आहे. रूढ झालेला शब्द बदलावा असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु त्या शब्दाची चिकित्सा वर्गात व्हावयास हवी.

नाशिकचे उदाहरण

गरज आणि मर्यादा या दोन्ही संकल्पना नाशिकच्या विद्यार्थ्याला पुस्तकाबाहेर भेटतात. गोदावरीच्या वरच्या अंगाला गंगापूर, दारणा यांसारखी धरणे, तर खाली पैठणला जायकवाडी. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, 2005 मध्ये खोऱ्यातील समन्यायी वाटपाची तरतूद करण्यात आली. मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे प्राधिकरणाने 2014 मध्ये आदेश दिला आणि जायकवाडीतील 65 टक्के साठ्याचा निकष चर्चेत आला. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिक व नगर जिल्ह्यांतील धरणांतून सुमारे 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा वरच्या भागात विरोध आणि खालच्या भागात आग्रह असे चित्र पुन्हा दिसले.

निफाडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा आणि मराठवाड्यातून शिक्षणासाठी आलेली मुलगी एकाच बाकावर बसू शकतात. या दोघांना शाश्वततेचे 'तीन स्तंभ' लिहावयास सांगणे सोपे आहे. अवर्षणाच्या वर्षी पिण्याचे पाणी, उभी बाग आणि कारखाना यांचा क्रम कसा लावावा, हे सकारण मांडावयास सांगणे अवघड आहे. शाश्वततेचे शिक्षण मात्र या दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरू होते.

याच जिल्ह्यात अशा विचाराची जुनी परंपरा आहे. मोसम, आरम आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यातील पांझरा या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड पाडले जात. एका फडात एकच पीक असे आणि पाणी देण्याचे काम पाटकरी पाही. पाणी कमी असल्यास कोणते फड भिजवावयाचे, हे लाभधारक मिळून ठरवीत. अनेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्याने तुटीचा भारही विभागला जाई. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. भूमिहीनाला तीत पाण्याचा वाटा नव्हता, हेही विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. परंतु मर्यादा मान्य करून नियम करता येतात, याचा तो जवळचा पुरावा आहे.

मूल्यमापनाचा प्रश्न

आयोगाच्या मूळ आराखड्यात 50 तासिकांपैकी 5 तासिका आणि 100 पैकी 25 गुण क्षेत्रकार्यासाठी होते. प्रत्यक्षात हे गुण अनेकदा परस्परांवरून उतरविलेल्या प्रकल्पवह्यांना मिळाले, हे आपण अध्यापकांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मोठे वर्ग, अपुरा वेळ आणि विषयतज्ज्ञांचा अभाव या अडचणी खऱ्या आहेत. पाणीवाटपासारखा विषय वर्गात आणल्यास अध्यापकावर पक्षपाताचा आरोप होईल, ही भीतीही निराधार नाही. यावर उपाय म्हणजे मताला नव्हे, तर युक्तिवादाला आणि पुराव्याला गुण देणे. 2023 च्या आराखड्यात आयोगाने पर्यावरण शिक्षणासाठी किमान 4 श्रेयांक सुचविले आहेत. पुन्हा प्रकल्पवह्याच जमा करावयाच्या नसतील, तर आधी प्रश्नपत्रिका बदलावी लागेल.

समारोप

सारांश, शाश्वतता ही माहिती, संस्कार वा व्यवस्थापन एवढ्यापुरती मर्यादित नाही. मर्यादित साधनांचे न्याय्य वाटप करण्याचा तो विवेक आहे. तो विज्ञानाच्या अध्यापकाइतकाच अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि भाषेच्या अध्यापकाचाही विषय आहे. त्यामुळे हा अभ्यासक्रम कार्यभार पूर्ण करण्यासाठी कोणाच्या तरी वेळापत्रकात बसविण्याऐवजी विविध विभागांनी मिळून शिकविला, तरच त्याच्या अनिवार्यतेला अर्थ प्राप्त होईल.