भूमिकाखेळातील समबलत्व : संख्या आणि क्रियापद

मेजाभोवती बसून खेळावयाचा भूमिकाखेळ हा मूलतः संभाषणाचा खेळ होय. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपापल्या पात्राची कृती बोलून दाखवितात आणि जेथे निकाल संशयास्पद असेल तेथे फासा पडतो. ह्या प्रकाराचा आद्य ग्रंथ, गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक आवृत्तीला एकच प्रश्न छळीत आला आहे : पात्रे पातळी-पातळीने वाढत जात असता योद्धा आणि मांत्रिक यांचे बळ सारखे कसे राखावयाचे? या प्रश्नाची चर्चा बहुधा गणिताच्या अंगाने होते. परंतु दोष गणितात कमी आणि भाषेत अधिक आहे, असे नियमग्रंथ बारकाईने वाचल्यास दिसून येते.

प्रथम 1978 च्या 'प्रगत' आवृत्तीचा खेळाडूग्रंथ घ्यावा. त्यात योद्ध्याला दर पातळीस दहा बाजूंच्या फाशाने प्राणगुण मिळतात, मांत्रिकाला चार बाजूंच्या. पहिल्या पातळीवरील मांत्रिकाजवळ दिवसाकाठी एकच मंत्र असतो. तो उच्चारताना घाव बसला तर मंत्रही वाया जातो. शिवाय दुसरी पातळी गाठण्यास योद्ध्याला 2,001 अनुभवगुण पुरतात, मांत्रिकाला 2,501 लागतात. आरंभी दुर्बळ राहण्याची किंमत मोजलेल्याला अंती प्राबल्य मिळावे, अशी ही योजना आहे.

ही योजना तिच्याच कोष्टकात ढासळते. सातव्या पातळीसाठी योद्ध्याला 70,001 गुण हवेत, तर मांत्रिकाला 60,001. नवव्या पातळीसाठी योद्ध्याला 2,50,001 आणि मांत्रिकाला अवघे 1,35,001. म्हणजे मांत्रिक बलवान होऊ लागतो नेमका त्याच सुमारास त्याची वाटही सोपी होते. दहाव्या पातळीचा योद्धा दोन फेऱ्यांत तीन घाव घालतो. त्याच पातळीचा मांत्रिक एका अग्निगोलाने एका जागी जमलेल्या सर्वांवर सहा बाजूंचे दहा फासे टाकतो. शिवाय खेळाडू खेळतो तो आजच्या बैठकीत. आज एकाने मुकाट बसावे आणि वर्षभराने दुसऱ्याने, ह्या दोन अन्यायांची बेरीज न्याय होत नाही.

पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट कोष्टकाबाहेर आहे. योद्ध्याची वाढ सांगणारे बहुतेक नियम 'मारणे' ह्या एकाच क्रियापदाला विशेषणे जोडतात : अधिक अचूक, अधिक वेळा, अधिक जोराने. मांत्रिकाच्या पातळ्या मात्र नवी क्रियापदे आणतात : उडणे, अदृश्य होणे, रूप पालटणे, दूरचे पाहणे, क्षणात स्थलांतर करणे. एकाच्या शब्दकोशात नवे शब्द येतात, दुसऱ्याचा एकच शब्द मोठ्या टाइपात छापला जातो. कडा चढावयाचा असो वा बंदिवान सोडवावयाचा असो, निर्णायक वाक्य ज्याच्याजवळ क्रियापद आहे तोच बोलणार. समबलत्वाचा खरा प्रश्न हा संभाषणातील वाट्याचा प्रश्न आहे.

1978 च्या ग्रंथाला ह्याची अस्पष्ट जाण होती, हे नमूद केले पाहिजे. नवव्या पातळीचा योद्धा गढी उभारी, त्याच्याभोवती शिपाई जमत. 'राज्य करणे' हे एक भारदस्त क्रियापद त्याला मिळे. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीने सर्व वर्गांना अनुभवगुणांचे एकच कोष्टक दिले. दुसऱ्या पातळीला सर्वांना 1,000 गुण. वरकरणी ही समता होती. प्रत्यक्षात मांत्रिकावरील बंधने सैल झाली आणि योद्ध्याची गढी त्याच्या वर्गाच्या हक्कातून गळाली. समान कोष्टकाने असमान शब्दकोश झाकला गेला, इतकेच.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने रोगाचे निदान धीटपणे केले. तिने सर्व वर्गांना एकाच साच्यात बसविले. काही शक्ती केव्हाही वापरावयाच्या, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. प्रवास, भविष्यज्ञान यांसारखी मोठी कामे तिने विधींच्या स्वतंत्र प्रकरणात हलविली आणि शिक्षण घेणाऱ्या कोणत्याही पात्राला ती खुली केली. युद्धापुरते समबलत्व तिने बऱ्याच अंशी साधले, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. तथापि सर्वांची वाक्ये एकाच रचनेची झाली. योद्धा आणि मांत्रिक दोघेही इतके नुकसान करून शत्रूला इतकी घरे ढकलू लागले. सर्व वर्ग एकसारखे वाटतात ही त्या आवृत्तीवरील तक्रार म्हणूनच निराधार नव्हती.

2014 च्या पाचव्या आवृत्तीने संख्यांना वेसण घातली. वीस पातळ्यांत प्रावीण्याची भर +2 पासून +6 पर्यंतच जाते आणि पात्राचा अंगभूत गुण सामान्यतः 20 च्या पुढे जात नाही. संख्येचा प्रश्न येथे पुष्कळसा सुटला. परंतु विसाव्या पातळीचा योद्धा एका कृतीत चार वेळा मारतो, आणि सतराव्या पातळीचा मांत्रिक इच्छा उच्चारून वास्तव बदलू शकतो. 2024 च्या सुधारित ग्रंथाने योद्ध्याला शस्त्रकौशल्याचे नवे प्रकार दिले. तेही मुख्यतः मारण्याचेच प्रकार आहेत.

भिन्न असूनही तुल्य अशा भूमिका कशा असू शकतात, हे समजण्यास नंदुरबार जिल्ह्यातील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळीत बावा, बुध्या इत्यादी भूमिका घेतल्या जातात. तो नवसाचा धर्माचार आहे, करमणुकीचा खेळ नव्हे; म्हणून तुलना मर्यादेतच केली पाहिजे. तरीही भूमिकेच्या रचनेपुरती ती करता येते. अंगावरची रंगवण, डोक्यावरचा पिसांचा टोप, कमरेचे भोपळे व घुंगरू ह्यांनी भूमिका ओळखू येते. पायात काही न घालणे, खाटेवर न निजणे अशी पथ्ये ती घेणाऱ्याला बांधतात. भूमिकेचा मान येथे मोजून ठरत नाही. तिला स्वतःची कृती आहे आणि त्या कृतीची स्वतःची किंमत आहे. 1978 च्या ग्रंथातील व्रतस्थ वीर ह्याच तत्त्वावर उभा होता. दहाहून अधिक जादूच्या वस्तू त्याने बाळगू नयेत आणि उत्पन्नाचा दशांश दान करावा, असे बंधन त्याच्यावर होते. पथ्य आणि सामर्थ्य एकाच वेळी, रोजच्या रोज भोगावयाचे असल्यामुळे ती तोडजोड मांत्रिकाच्या लांबणीवर टाकलेल्या लाभाहून अधिक प्रामाणिक ठरते.

ह्या चर्चेला मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. हे ग्रंथ इंग्रजीत आहेत, आणि मांत्रिकाची क्रियापदे शेकडो मंत्रांच्या लांबलचक वर्णनांत विखुरलेली आहेत. ज्या जिल्ह्यात घरी भिली, पावरी, अहिराणी वा गुजरी बोलली जाते आणि मराठी हीच मुळी शाळेची भाषा असते, तेथे ज्याला इंग्रजी सुकर तो मांत्रिक होणार आणि इतरांच्या वाट्याला तलवार येणार. पात्रांमधील विषमता मग खेळाडूंमधील जुन्या विषमतेवर जाऊन बसते. मराठीत असा ग्रंथ रचावयाचा झाल्यास केवळ कोष्टके भाषांतरित करून भागणार नाही. प्रत्येक पातळीवर प्रत्येक वर्गाला, मारण्यापलीकडचे, कथेला वळण देणारे निदान एक नवे क्रियापद मिळते की नाही, हे पाहावे लागेल. योद्ध्याच्या शब्दावर गाव उठेल, त्याच्या जामिनावर वैरी शस्त्र खाली ठेवील, त्याला वाट ठाऊक असेल. अशा क्रियापदांची वाण मराठीला नाही, आणि सातपुड्यातील बोलींना तर नाहीच.

तात्पर्य, समबलत्व म्हणजे समान संख्या नव्हे आणि समान वाक्यरचनाही नव्हे. मेजाभोवतीच्या प्रत्येकाला आपल्या पाळीला असे काही बोलता यावे, की ज्यावाचून पुढची गोष्ट घडणार नाही. ही कसोटी लावली असता आजवरची कोणतीही आवृत्ती पूर्णपणे उतरत नाही. चौथी तिच्या सर्वांत जवळ गेली, आणि ज्या कारणासाठी ती नाकारली गेली त्या कारणाचा विचार पुढील रचनाकाराने प्रथम करावयास हवा.