‘राग आवरणे’ आणि ‘राग गिळणे’ : भावनिक बुद्धिमत्तेच्या मापनाची चिकित्सा

‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही संज्ञा मराठीत आता पुरेशी रुळली आहे. शिक्षणशास्त्र, व्यवस्थापन, समुपदेशन या क्षेत्रांतील लेखनात ती वारंवार योजली जाते आणि ‘बुद्ध्यंका’च्या जोडीला ‘भावनांक’ हा शब्दही येऊन बसला आहे. तथापि संज्ञा रुळली म्हणजे संकल्पना तपासली गेली, असे होत नाही. मनुष्याच्या जीवनातील व व्यवसायातील यशापयशाविषयी ही संकल्पना मोठा दावा करते. तो दावा ज्या मापनावर उभा आहे, ते मापन मराठी भाषकाला लावताना नेमके काय मोजले जाते, हा प्रश्न मानसशास्त्राइतकाच भाषाविज्ञानाचाही आहे.

संकल्पनेचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये ‘सामाजिक बुद्धी’ची कल्पना मांडली. १९८३ मध्ये हॉवर्ड गार्डनर यांनी बुद्धी एक नसून अनेक आहेत असे प्रतिपादन करताना स्वतःला जाणणारी व इतरांना जाणणारी अशा दोन बुद्धींचा त्यांत समावेश केला. ‘भावनिक बुद्धिमत्ते’ला शास्त्रीय व्याख्या मिळाली ती पीटर सालोवे व जॉन मेयर यांच्या १९९० च्या निबंधात. आपल्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांत भेद करणे आणि त्या ज्ञानाचा विचारात व आचरणात उपयोग करणे, अशी ती मर्यादित व नेमकी व्याख्या होती. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या ग्रंथाने तिला जगभर प्रसिद्धी दिली, परंतु त्याबरोबर तिची सीमाही पुसली. चिकाटी, उत्साह, आत्मप्रेरणा, संबंध जोडण्याचे कौशल्य असे सारेच सद्गुण एका संज्ञेखाली आले. जी संज्ञा इतके सामावून घेते ती फारसे काही वेगळे करून दाखवू शकत नाही. मेयर व सालोवे यांनीही पुढे या विस्तारापासून आपली भूमिका वेगळी ठेवली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

खरी अडचण मात्र त्यांच्या मर्यादित भूमिकेतही आहे. या दोघांनी डेव्हिड कारुसो यांच्यासह तयार केलेली क्षमता-चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्यावरील भाव ओळखणे, दिलेल्या प्रसंगी कोणती कृती भावना सावरण्यास उपयुक्त ठरेल हे सांगणे, असे प्रश्न तीत आहेत. गणिताच्या प्रश्नाला उत्तर असते ते गणिताच्या नियमांनी. येथे ‘बरोबर’ उत्तर ठरते ते संमतीने. एक तर मोठ्या नमुन्यातील बहुसंख्यांनी निवडलेले उत्तर ग्राह्य धरावयाचे, किंवा भावनांचा अभ्यास करणाऱ्या २१ संशोधकांच्या गटाने निवडलेले. म्हणजे बुद्धी म्हणून जे मोजले जाते, त्यात एका समाजाच्या रूढीशी असलेली अनुरूपता मिसळलेली आहे. भाषाविज्ञानाला ही स्थिती परिचित आहे. शब्दाचा योग्य प्रयोग कोणता, हेही भाषक समाजाची संमतीच ठरविते. परंतु एका भाषेची रूढी दुसऱ्या भाषेच्या भाषकाला लावून त्याची बुद्धी मोजावी, असे कोणी म्हणत नाही.

आता मराठीतील ‘राग’ घ्यावा. ‘मला राग आला’ या वाक्यात राग हा कर्ता आहे. ज्याला तो येतो तो ‘ला’ प्रत्यय घेऊन अनुभव घेणारा म्हणून उभा राहतो. भीती वाटते, लाज वाटते, दया येते, कंटाळा येतो, हीच रचना. कॉलिन मॅसिका यांनी १९७६ मध्ये हे दक्षिण आशियातील भाषांचे एक सामाईक लक्षण म्हणून नोंदविले. यावरून मराठी मनुष्य आपल्या भावनांपुढे हतबल असतो, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल; ‘मी रागावलो’, ‘मी घाबरलो’ हे प्रयोगही तितकेच स्वाभाविक आहेत. लक्षणीय गोष्ट पुढची आहे. राग येतो तो मनुष्याकडे. परंतु आलेल्या रागाचे तो जे करतो तेथे मनुष्य निःसंदिग्धपणे कर्ता होतो, आणि तेथे क्रियापदांची निवड काटेकोर असते. राग आवरला, राग गिळला, राग दाबला, राग धरला, राग काढला: यांतील एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी निमूट बसत नाही.

‘आवरला’ यात स्वतःवरील सत्ता आहे, आणि बहुधा प्रशंसाही. ‘गिळला’ यात समोरच्याची सत्ता आहे. गिळलेला राग नाहीसा होत नाही, तो आत राहतो. वरिष्ठाने चारचौघांत अपमान केला असता कारकून राग गिळतो; मुलाने दौत सांडली असता बाप राग आवरतो. बाहेरून दोघेही शांत दिसतात. ‘मी माझ्या भावनांवर नियंत्रण ठेवू शकतो’ या भाषांतरित विधानाला दोघेही ‘होय’ असे उत्तर देतील आणि दोघांनाही सारखेच गुण मिळतील. मराठीने स्पष्ट राखलेला भेद मापनात हरवतो. हा केवळ अर्थच्छटेचा भेद नव्हे. कोणाची सत्ता कोणावर चालते, याची ती नोंद आहे.

कामाच्या ठिकाणी या भेदाचे मोल किती, हे आर्ली हॉकशील्ड यांच्या १९८३ च्या ग्रंथावरून उमगते. विमानातील परिचारिकांचे स्मित हा नोकरीचाच भाग असतो, हे दाखवून त्यांनी ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. मुद्रेपुरता भाव आणणे वेगळे आणि भावच पालटण्याचा यत्न करणे वेगळे, असा भेदही त्यांनी केला. श्रम म्हटले की मोबदल्याचा आणि थकव्याचा प्रश्न उपस्थित होतो. बुद्धिमत्ता म्हटले की तो मावळतो. ज्याला राग गिळावा लागतो त्याची तक्रार मग अन्यायाची तक्रार राहत नाही. ती त्याच्याच कौशल्यातील उणीव ठरते.

याचा अर्थ संकल्पना सर्वस्वी पोकळ आहे असा नव्हे. रोग्याची भीती ओळखणारा वैद्य आणि वर्गातील संकोच जाणणारा शिक्षक आपले काम अधिक चांगले करतो, हे कोणीही मान्य करील. आक्षेप आहे तो या जाणतेपणाचा अंक काढून तो भाषानिरपेक्ष मानण्यावर. मराठी भाषकांसाठी असे मापन करावयाचेच असेल, तर आरंभ प्रश्नावलीच्या भाषांतरापासून होऊ नये. भीड, संकोच, कुचंबणा, रुसवा, माया हे शब्द कोण, कोणाविषयी, कोणत्या प्रसंगी व कोणत्या क्रियापदांसह वापरतो, याचा बोलीनिहाय संग्रह आधी सिद्ध व्हावा. ‘राग गिळला’ असे सांगणाऱ्याला गुण किती द्यावयाचे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. तो कोणापुढे गिळला, हे विचारणे आधीचे.