कावसजीचे नाक : एका पत्राचे पुनर्वाचन

डोळ्याच्या आतील कोपऱ्यातील गाठ काढल्यावर उरणारा मोठा खड्डा भरण्यासाठी आजही कपाळाची त्वचा रक्तपुरवठ्यासह खाली वळविली जाते. या 'फ्लॅप' पद्धतीचा बहुचर्चित लिखित पुरावा पुण्याजवळचा आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये 'बी. एल.' अशा आद्याक्षरांनी एक पत्र प्रसिद्ध झाले. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातील बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक व एक हात टिपूच्या कैदेत कापले गेले. पुढे वीट पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने ते नाक पुन्हा घडविले.

वर्णन विलक्षण नेमके आहे. मेणाचा पातळ साचा, त्याबरहुकूम कपाळावर आखलेली रेघ, दोन डोळ्यांच्या मध्ये राखलेला त्वचेचा देठ, कात लावलेल्या चिंध्या, चार दिवसांनी तुपात भिजविलेल्या पट्ट्या आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी कापलेला देठ. सारे यश त्या देठावरच. तो लवकर तुटला तर कातडे मरते.

शिरड शहापूरला वर्गात हे वाचले तेव्हा विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न होता, 'करणाऱ्याचे नाव काय?' पत्रात ते नाही. आपल्याकडील लेखनाने ही उणीव सुश्रुताचे नाव पुढे करून झाकली. वस्तुतः सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची त्वचा सांगितली आहे. (पानाने माप घेणे तेथेही आहे, हे मान्य.) गालाऐवजी कपाळ कोणी निवडले, हा प्रश्न त्यामुळे विचारलाच गेला नाही. जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला हीच पद्धत वापरली व १८१६ मध्ये स्वतःच्या नावाने पुस्तक प्रसिद्ध केले.