वैमानिकाचे वायुशास्त्र आणि जुन्नरचा डोंगर

शास्त्रीय विषयाच्या प्राथमिक ग्रंथाकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहण्याची आपल्याकडे फारशी प्रथा नाही. त्यातील माहिती बरोबर आहे की चूक, एवढे पाहून परीक्षक मोकळा होतो. परंतु पाठ्यग्रंथ ही देखील एक रचना असते. कोणती गोष्ट आधी सांगावयाची, कोणती मागाहून, उदाहरणे कोठली घ्यावयाची व नियम कोणता आणि अपवाद कोणता मानावयाचा, हे सर्व ग्रंथकार ठरवीत असतो. विधाने सर्व खरी असूनही केवळ त्यांच्या क्रमामुळे वाचकाची दृष्टी एका बाजूस झुकू शकते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने वैमानिकांसाठी लिहिलेल्या एका सर्वपरिचित ग्रंथाचा विचार करावयाचा आहे, आणि त्याच्या परीक्षेसाठी जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांची भूमी घ्यावयाची आहे.

ग्रंथ आहे ‘एव्हिएशन वेदर’. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने तेथील हवामान सेवेच्या सहकार्याने १९७५ साली काढलेली त्याची आवृत्ती दीर्घकाळ जगभरच्या प्रशिक्षणार्थींच्या हाती होती. पुढे २०१६ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली आणि २०२२ साली त्याची जागा एका नव्या हस्तपुस्तिकेने घेतली. तरीही या विषयाच्या मांडणीचा जो साचा रूढ झाला तो १९७५ च्या ग्रंथात स्वच्छपणे पाहावयास मिळतो, म्हणून विचारासाठी तोच घेणे इष्ट होय.

ग्रंथाची सोळा प्रकरणे आहेत. वातावरण, तापमान, दाब व उंचीमापन, वारा, आर्द्रता व पर्जन्य, हवेचे स्थैर्य, ढग, वायुराशी व आघाड्या, हवेतील खळबळ, हिमसंचय, गडगडाटी वादळे, दृश्यता कमी करणारी कारणे, अत्युच्च पातळीवरील हवामान असा त्याचा क्रम आहे. त्यानंतर चौदावे प्रकरण ध्रुवीय प्रदेशाच्या हवामानाचे, पंधरावे उष्ण कटिबंधाच्या हवामानाचे आणि अखेरचे इंजिनाविना तरंगणाऱ्या विमानांसाठीचे. भाषा साधी, आकृत्या नेटक्या आणि प्रत्येक तत्त्व उड्डाणातील व्यवहाराशी जोडलेले, हे या ग्रंथाचे गुण निर्विवाद आहेत. शास्त्र सुबोध कसे करावे याचा तो चांगला नमुना आहे, हे मान्य करूनच पुढील आक्षेप मांडावयाचे आहेत.

पहिला आक्षेप उघड आहे. पृथ्वीवरील मनुष्यवस्तीचा मोठा भाग ज्या पट्ट्यात राहतो त्याचे हवामान येथे पंधराव्या क्रमांकावर, ध्रुवीय हवामानाच्याही मागे, विशेष प्रकार म्हणून येते. अमेरिकन वाचकासाठी हा क्रम स्वाभाविक असेल. दख्खनच्या विद्यार्थ्याला मात्र त्यामुळे आपले नेहमीचे आकाश अपवाद म्हणून शिकावे लागते. शीत व उष्ण आघाड्यांवरील सविस्तर प्रकरण तो पाठ करतो. पण जून ते सप्टेंबर त्याच्या डोक्यावर जे घडते त्याचा उलगडा त्या आघाड्यांनी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. ग्रंथाचा आरंभ प्रमाण वातावरणापासून होतो. समुद्रसपाटीवर दाब १०१३.२५ मिलिबार, तापमान १५ अंश सेल्सिअस, आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांची घट. हे वातावरण म्हणजे एक सरळ उभा स्तंभ आहे. त्याच्या तळाशी सपाट जमीन गृहीत आहे. पर्वत पुढे भेटतात, परंतु विखुरलेले: वाऱ्याच्या प्रकरणात दरीतले वारे म्हणून, खळबळीच्या प्रकरणात पर्वतलहरी म्हणून, धुक्याच्या पाच प्रकारांत उतारावरील धुके म्हणून. भूमी ही हवामानाची घटक आहे, हे या रचनेत कोठेही एकत्र दिसत नाही. ही उणीव केवळ साहित्यिक स्वरूपाची नाही, हे पुढील घटनेवरून ध्यानी येईल.

७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान जुन्नरच्या डोंगरात, मुंबईच्या ईशान्येस सुमारे ८४ किलोमीटरवर, सुमारे ३,६०० फूट उंचीवर आदळले. सिडनीहून रोमला निघालेले हे विमान बँकॉकनंतर मुंबईस उतरावयाचे होते. विमानातील ९४ जणांपैकी एकही वाचला नाही. विमान आपल्या मुक्कामाच्या प्रत्यक्षाहून अधिक जवळ आले आहे अशी वैमानिकाची समजूत झाली, आणि म्हणून त्याने रात्री, केवळ उपकरणांच्या आधाराने उडण्याच्या परिस्थितीत, वेळेपूर्वी खाली येण्यास सुरुवात केली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. उपलब्ध साधनांनी आपले स्थान पडताळून न पाहणे, ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीचे उल्लंघन, आणि मार्गातील भूप्रदेशाचा अपरिचय, ही साहाय्यक कारणे म्हणून नोंदविली गेली.

यातील अखेरचे कारण आमच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. ‘भूप्रदेशाचा अपरिचय’ हा शब्दप्रयोग सहसा नकाशाच्या अज्ञानापुरता घेतला जातो. परंतु जुन्नरच्या बाबतीत भूप्रदेशाचा परिचय म्हणजे तेथील हवेचा परिचय होय. ग्रंथातील तीन वेगवेगळ्या प्रकरणांची तत्त्वे या एका ठिकाणी कशी एकवटतात ते पाहू. पुढील आकडे त्या रात्रीचे नव्हेत. पावसाळ्यात या भागात संभवनीय असलेली ती उदाहरणे आहेत.

प्रथम उंची. विमानातील उंचीमापक वस्तुतः हवेचा दाब मोजतो व त्यावरून उंची दाखवितो. समुद्रसपाटीजवळ एका मिलिबारला साधारण २८ फूट असा हिशेब पडतो. मोसमी पावसाच्या ऐन भरात या भागात समुद्रसपाटीचा दाब १००३ मिलिबार असेल आणि उपकरण प्रमाण दाबावरच ठेवलेले राहिले, तर ते खऱ्या उंचीपेक्षा सुमारे २८० फूट अधिक दाखवील. तापमानामुळे येणारी चूक मात्र येथे उलट दिशेची असते. पावसाळी हवा प्रमाण वातावरणाहून उष्ण असल्यामुळे विमान चार हजार फुटांच्या पातळीवर दर्शविलेल्या उंचीहून सुमारे दोनशे फूट वरच असते. थंड देशातील वैमानिकाला जो इशारा पुन्हा पुन्हा द्यावा लागतो तो येथे लागू होत नाही, आणि दाबाचा इशारा मात्र पुरेपूर लागू होतो. पण या दोन्ही दुरुस्त्या करूनही मुख्य प्रश्न शिल्लक राहतो. उपकरण सांगते ती समुद्रापासूनची उंची. चार हजार फुटांवर असलेले विमान कोकणावर असेल तर त्याच्या खाली जवळजवळ तेवढीच मोकळी हवा असते. तेच विमान सुमारे २,२५० फूट उंचीवरील जुन्नर शहरावर आले की निम्म्याच्या आसपास हवा उरते. सुमारे ३,५०० फुटांच्या शिवनेरीवर ती पाचशे फुटांवर येते. आणि तालुक्याच्या उत्तर सीमेवरील हरिश्चंद्रगडाचा माथा तर त्या विमानाहून उंच असतो. उपकरण तंतोतंत खरे सांगत असतानाही जमीन वर येत असते.

दुसरी गोष्ट ढगाची. जुलैमध्ये कोकणातील हवेचे तापमान २८ अंश व दवबिंदू २५ अंश असेल, तर ती हवा उचलली गेल्यावर दर अंशाच्या फरकास १२५ मीटर या स्थूल नियमाने सुमारे ३७५ मीटर उंचीवर संपृक्त होते. म्हणजे ढगाचा तळ तेथे असतो. आता नाणेघाटाचा माथा समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या वर आहे. कोकणातून जो ढग डोक्यावर दिसतो त्याच्याही बऱ्याच वर घाटमाथा आहे; त्यामुळे माथ्यावरच्या माणसाला ढग दिसत नाही, तो ढगातच उभा असतो आणि त्याला धुके म्हणतो. ढगाचा तळ जमिनीपासून मोजण्याची जी रीत आहे, ती जमीनच तळाच्या वर गेल्यावर निरर्थक होते. ग्रंथात ‘उतारावरील धुके’ या सदराखाली रॉकी पर्वताच्या पूर्व उताराचे उदाहरण येते. आपल्या सह्याद्रीवर ही घटना महिनोन्‌महिने चालते आणि तिच्यातून नद्या उगम पावतात. वाऱ्याच्या या चढाईचे दृश्य रूप पाहावयाचे तर भर पावसात नाणेघाटावर जावे. सातवाहनकालीन लेखामुळे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या या घाटात, कड्यावरून कोसळणारे पाणी समोरच्या वाऱ्याने उलटे वर फेकले जाते. प्रतिरोध पर्जन्याची याहून चांगली आकृती कोणत्याही ग्रंथात नाही.

माथा ओलांडला की हवा उतरू लागते, तापते आणि ढग विरळ होतात. भीमाशंकरच्या बाजूस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेस सहा-सातशे मिलिमीटरवर येतो. याच आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीनंतर माळीण गाव दरडीखाली गाडले गेले व दीडशेवर माणसे मृत्युमुखी पडली. डोंगराला अडून पडणारा पाऊस म्हणजे काय हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळले. वैमानिकाच्या दृष्टीने याचा अर्थ निराळा आहे. पूर्वेकडून येणाऱ्यास मंचर-नारायणगावच्या बाजूस आकाश मोकळे वाटू शकते, आणि पुढे अवघ्या काही मिनिटांच्या अंतरावर डोंगर व ढग एकरूप झालेले असतात. तेथे आकाश मोकळे आहे म्हणून जमीनही सपाट असेल, असे मानणे घातक होय.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. पावसाळ्यात या भागात खालच्या थरात पश्चिमेचे जोरदार वारे असतात, तर बऱ्याच उंचीवर पूर्वेचे. उंचावरील या पूर्वेच्या झोतवाऱ्याचे विवेचन पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले होते. मुंबईकडे जाणारे जेट विमान वर असताना वारा त्याच्या पाठीशी असतो. उतरता उतरता तोच वारा तोंडावर येतो. समजा, वर ४० नॉटचा अनुकूल वारा आहे आणि उतरणीच्या शेवटच्या दहा मिनिटांत तो ३० नॉट प्रतिकूल झाला. पहिल्याच वाऱ्यावर हिशेब चालू ठेवणारा वैमानिक त्या दहा मिनिटांत सुमारे १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर, पुढे आहोत असे समजेल. जुन्नर शहर ते नाणेघाट हे सरळ रेषेतील अंतर साधारण एवढेच आहे. घाट उतरून कोकणावर आलो असे वाटावे आणि प्रत्यक्षात पठारावरच असावे, इतका हा फरक आहे. १९६२ च्या चौकशीने वाऱ्याला दोष दिलेला नाही आणि तसा तो देण्याचे आम्हांसही कारण नाही. मुद्दा इतकाच की, ‘प्रत्यक्षाहून जवळ आलो’ ही समजूत ज्या दिशेची आहे, त्याच दिशेला मोसमी वारेही वैमानिकाच्या हिशेबाला ढकलीत असतात. जो हे जाणतो त्याने आपले स्थान दुप्पट काळजीने पडताळावे. ग्रंथात मात्र वारा चौथ्या प्रकरणात, अत्युच्च पातळी तेराव्यात आणि उष्ण कटिबंध पंधराव्यात आहे. तिन्ही जोडण्याचे काम वाचकावर सोडलेले आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. सर्वसामान्य तत्त्वांच्या ग्रंथाने एकेका डोंगराचा विचार का करावा? त्यासाठी मार्गनकाशे व किमान सुरक्षित उंचीचे नियम आहेत. पुढील काळात जमीन जवळ आल्याची सूचना देणारी उपकरणेही विमानांत आली. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. त्या नियमांनी व उपकरणांनी असंख्य जीव वाचविले आहेत यात संशय नाही. परंतु नियम पाळला जातो तो त्यामागचे कारण उमगल्यावर. १९६२ सालीही किमान उंचीचा नियम होताच. तो मोडला गेला. ज्याच्या मनात वातावरणाचे चित्र सपाट तळाच्या स्तंभाचे आहे, त्याला किमान उंची हा एक कोरडा आकडा वाटतो. ज्याच्या मनात कोकण, कडा, घाटमाथा व पठार असा उभा छेद आहे, त्याला तोच आकडा डोंगराचा माथा म्हणून दिसतो.

तेव्हा सुधारणा माहितीत करावयाची नसून रचनेत करावयाची आहे. आपल्याकडील विद्यार्थ्यासाठी या विषयाचे पहिले प्रकरण असा एखादा प्रत्यक्ष छेद असावे: समुद्रकिनाऱ्यापासून निघून नाणेघाट चढावा, कुकडीच्या खोऱ्याने जुन्नर व नारायणगाव गाठावे आणि वाटेत दाब, दवबिंदू, ढगाचा तळ व वारा यांची तत्त्वे एकेक करून भेटावीत. यासाठी लागणारी शास्त्रीय सामग्री परकी नाही. भारतीय हवामान खात्याचे मुख्य केंद्र १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, उष्ण कटिबंधीय वायुशास्त्राची संस्था पुण्यातच, योगायोगाने त्या अपघाताच्याच वर्षी, १९६२ साली स्थापन झाली, आणि आर. पी. सरकार यांनी सह्याद्रीवरील प्रतिरोध पर्जन्याचे गणिती प्रतिमान १९६६ साली प्रसिद्ध केले. म्हणजे अमेरिकेतील ग्रंथाची आवृत्ती निघण्यापूर्वीच आपल्या प्रकरणाचा कच्चा माल आपल्या हाती होता. तो संशोधनपत्रिकांतून प्राथमिक ग्रंथापर्यंत आणण्याचे कार्य मात्र मागे पडले.

त्यासाठी परिभाषेचीही अडचण नाही. ज्या लोकांनी घाटाखालचे, घाटमाथ्यावरचे व देशावरचे अशी आपल्या प्रदेशाची वाटणी केली, ‘मावळ’ आणि ‘नेर’ अशी खोऱ्यांना नावे दिली, मृगाचा पाऊस व वळीव यांत भेद केला, त्यांच्या भाषेत भूमी व आकाश यांचा संबंध आधीच मुरलेला आहे. शास्त्रीय ग्रंथाने त्याला अचूक मोजमापाची जोड द्यावयाची आहे. ‘एव्हिएशन वेदर’ने आपल्या वाचकाला त्याच्या आकाशाची ओळख फार चांगली करून दिली. आपल्या वाचकाला आपल्या आकाशाची ओळख करून देणे हे त्या ग्रंथाचे काम नव्हते. ते आपले आहे, आणि जुन्नरच्या डोंगरावर गेलेले ९४ जीव ध्यानी घेता ते आणखी लांबणीवर टाकणे योग्य होणार नाही.